मोंतोनेची टेकडी आणि माणगावचा नाईक

पेरुजाहून उत्तरेकडे निघाले की तिबेर नदी आपल्या डाव्या-उजव्या हाताला लपंडाव खेळत राहते. रोममध्ये पूल, पुतळे आणि पोपांच्या वाड्यांमधून मिरवणारी हीच नदी. पण इथे ती आपल्या सावित्री-काळइतकी साधी आहे. काठाने उंच गवत, पोपलरची झाडे आणि त्यापलीकडे तंबाखूची शेते. इटलीत द्राक्षे आणि ऑलिव्ह पाहायला मिळतील अशी तयारी ठेवून गेलेल्या माणसाला हा तंबाखू अनपेक्षित असतो. निपाणीकडचा कुणी सोबत असता तर त्याने गाडी थांबवायला लावली असती.

उंबेर्तिदे नावाचे गाव मागे टाकले की दहाएक किलोमीटरवर टेकडीच्या माथ्यावर मोंतोने दिसते. तटबंदीच्या आत घट्ट बसलेली दगडी घरे, दोन-तीन मनोरे, सरूची काळपट झाडे. वस्ती जेमतेम दीड-पावणेदोन हजारांची, तीही आसपासची शेतघरे धरून. इटलीतील सुंदर छोट्या गावांची एक यादी असते, तीत याचे नाव आहे. त्यामुळे उन्हाळ्यात थोडेफार प्रवासी येतात, दुपारी जेवतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी अस्सिसीला किंवा पेरुजाला परततात. मीही तसाच एका दिवसाचा पाहुणा होतो. फरक इतकाच की माझ्या या फेरीचे मूळ मुंबई-गोवा महामार्गावर होते. माणगावच्या तहसील कचेरीपाशी एका सैनिकाचा पुतळा आहे. कोकणात जाता-येता तो मी कितीतरी वेळा पाहिला होता, आणि कोकणात जाणाऱ्या बहुतेकांप्रमाणे त्याच्याकडे न पाहता चहा पिऊन पुढे गेलो होतो. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. (हे माणगाव रायगड जिल्ह्यातले. १९२० ची प्रसिद्ध परिषद झाली ते माणगाव कोल्हापूरकडचे. दोघांची गल्लत छापील मजकुरातही आढळते म्हणून सांगून ठेवतो.)

यशवंतराव माणगाव तालुक्यातील पळसगावचे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. मृत्यू १० जुलै १९४४, वरच्या तिबेर खोऱ्यात. म्हणजे वय बावीस. जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतील काही युद्ध-इतिहास अभ्यासकांनी मिळून त्यांच्या नावाचे स्मारक इथे उभारले. भारताच्या राजदूतांच्या उपस्थितीत त्याचे अनावरण झाले, आपल्याकडे वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. स्मारकाचे रूप थोडे निराळे आहे. ते सूर्यघड्याळ आहे. बंदूक नाही, घोडा नाही, छाती काढून उभा राहिलेला जवान नाही. ही कल्पना वाचली तेव्हापासून ते पाहायचे मनात होते.

पण टेकडीवर पोचल्यावर सगळ्यांत आधी भेटतो तो दुसराच सैनिक. चौकाला त्याचे नाव, उपाहारगृहाच्या पाटीवर त्याचे नाव, आणि गावाचे नाव तर त्याच्याच नावाला चिकटलेले: ब्राच्चो दा मोंतोने.

याचे खरे नाव आंद्रेआ फोर्तेब्राच्ची. जन्म १३६८ चा. घराणे मोंतोनेचे सरदार, पेरुजातील सत्तास्पर्धेत हरलेले आणि परागंदा झालेले. अशा घरातल्या मुलाला त्या काळच्या इटलीत एकच मोकळा धंदा होता, तो म्हणजे तलवार भाड्याने देण्याचा. फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, नेपल्स, रोमचे पोप. प्रत्येकाजवळ पैसा होता आणि भांडणे होती, पण स्वतःचे कायमचे सैन्य नव्हते. मग हे लोक एखाद्या सरदाराशी करार करीत. इतके घोडेस्वार, इतके महिने, इतकी रक्कम. करार संपल्यावर तोच सरदार शत्रूकडे गेला तरी त्याला कुणी बेइमान म्हणत नसे. या कराराला इटालियनमध्ये ‘कोंदोत्ता’ म्हणतात आणि करार करणाऱ्याला ‘कोंदोत्तिएरे’. मराठीत नेमका शब्द नाही. पेंढारी म्हणावे तर त्यांच्याकडे लेखी मसुदे नव्हते, सरंजामदार म्हणावे तर यांना कुणी धनी नव्हता.

ब्राच्चो या धंद्यातला अव्वल माणूस. सैन्याच्या छोट्या छोट्या तुकड्या करून त्या आळीपाळीने लढाईत उतरवायच्या, म्हणजे शत्रू थकतो आणि आपले लोक ताजे राहतात, ही त्याची पद्धत इतकी गाजली की पुढे दोन-तीन पिढ्या इटलीतील युद्धशास्त्रात ब्राच्चोचे अनुयायी आणि त्याचा प्रतिस्पर्धी स्फोर्झाचे अनुयायी असे दोन संप्रदायच झाले. बोलोन्या शहर त्याच्या ताब्यात राखणीला दिले होते; ज्या पोपने दिले तो पदच्युत झाल्यावर याने शहरालाच त्याचे स्वातंत्र्य मोठ्या रकमेला विकले. आपल्याकडचा सरळ शब्द वापरायचा तर खंडणी. त्या पैशावर फौज उभी करून १४१६ मध्ये सांत-एजिदिओच्या लढाईत त्याने कार्लो मालातेस्ताचा पराभव केला आणि ज्या पेरुजाने त्याच्या घराण्याला हाकलले होते त्याच पेरुजाचा धनी म्हणून तो वेशीतून आत शिरला. फ्लॉरेन्समध्ये तो इतका लोकप्रिय होता की पोरेटोरे त्याची स्तुती आणि पोप मार्टिन पाचव्याची टवाळी करणारे गाणे रस्त्यात म्हणत. पोपने ते विसरले नाही. १४२४ च्या जूनमध्ये लाक्विलाच्या वेढ्यात ब्राच्चो जखमी होऊन पकडला गेला आणि तीन दिवसांत वारला. अन्न घेतले नाही, कुणाशी शब्द बोलला नाही, असे इतिवृत्तकार सांगतात. धर्मबहिष्कृत म्हणून रोममध्ये त्याला अपवित्र जमिनीत पुरले. काही वर्षांनी पुतण्याने अस्थी पेरुजाला आणल्या.

माकियावेल्लीने ‘प्रिन्स’मध्ये भाडोत्री सैन्याच्या विरुद्ध जे प्रकरण लिहिले आहे त्यात ब्राच्चो आणि स्फोर्झा ही दोन नावे ठळकपणे येतात. त्याच्या मते इटलीच्या दुर्दशेला हे लोक कारणीभूत. मोंतोनेला याचे काही सोयरसुतक नाही. पोप सिक्स्तुस चौथ्याच्या आज्ञेने १४७८ मध्ये गावातील ब्राच्चोची गढी पाडली गेली, तिचे अवशेष अजून दिसतात. त्याच्या मुलाने, कार्लोने, व्हेनिसच्या चाकरीतून १४७३ मध्ये ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातील म्हणून मानला जाणारा एक काटा गावाला आणून दिला. त्याचा उत्सव आजही होतो, ऑगस्टमध्ये गावच्या तीन वेशींच्या तीन पेठा जुन्या वेषात एकमेकींशी चुरस करतात. सान फ्रान्चेस्कोच्या जुन्या मठात आता संग्रहालय आहे. तिथे बार्तोलोमेओ कापोराली याने १४८२ मध्ये रंगवलेला एक मोठा ध्वजपट आहे. प्लेगच्या काळात मिरवणुकीत पुढे नेण्यासाठी असे पट करीत. मेरी आपला झगा पसरून उभी आहे, झग्याखाली गावकरी गोळा झाले आहेत, आणि तळाशी टेकडीवरचे चिमुकले मोंतोने. संग्रहालयात मी एकटाच होतो. त्या पटासमोर बराच वेळ बसलो, कारण पाचशे चाळीस वर्षांपूर्वीचे ते चित्र आणि खालून येताना गाडीच्या काचेतून दिसलेले गाव यांत फारसा फरक नव्हता.

खाली चौकात जेवायला बसलो. ‘तोर्ता अल तेस्तो’ नावाची इथली भाकरी असते. तोर्ता या शब्दामुळे गोड केक समजू नये. गव्हाच्या पिठाचा जाड रोट, जाड तव्यावर भाजलेला. त्या तव्याला म्हणतात तेस्तो. मध्ये चिरून आत पालेभाजी, चीज किंवा डुकराचे खारवलेले मांस घालतात. मी भाजीची घेतली. ऐंशी वर्षांपूर्वी या खोऱ्यात महिनाभर वावरलेल्या कोकणातल्या पोरांना एखाद्या शेतघरात हा तवा आणि हा रोट दिसला असेल का, असे सहज मनात आले. दिसला असेल तर त्यांना तो परका वाटला नसेल.

आता ‘भाडोत्री’ या शब्दाकडे येतो, कारण ही फेरी ठरवल्यावर घरच्या बैठकीत तो शब्द माझ्या कानावर आला होता. “ब्रिटिशांसाठी पगारावर लढले ते. त्यांचे एवढे काय?” असे एका स्नेह्यांनी विचारले. प्रश्न नवा नाही आणि वाईट हेतूचाही नाही. १९४४ च्या जुलैत, ज्या दिवसांत यशवंतराव तिबेरच्या काठाने चालत होते, त्याच दिवसांत साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार भर जोरात होते. त्याच वयाची, तशाच घरांतली, तीच भाषा बोलणारी पोरे ब्रिटिश खजिन्यांवर आणि रेल्वेवर हल्ले करीत होती. काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते. बंगालमध्ये आदल्या वर्षी लाखो माणसे भुकेने मेली होती. हा सगळा काळ बाजूला ठेवून नुसते शौर्याचे गाणे म्हणणे मलाही जमत नाही. माणगावच्या पुतळ्यासमोर भाषणे होतात त्यांत हा भाग येत नाही, आणि प्रतिसरकारवरच्या पुस्तकांत इटलीतले मराठे येत नाहीत. दोन कपाटे वेगळी, दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या.

परंतु मोंतोनेच्या चौकात बसले असता या शब्दाचे वजन बदलते. समोर ज्याच्या नावाची पाटी आहे तो अस्सल भाडोत्री होता. कराराच्या कागदावर त्याची सही होती, रक्कम त्याने घासाघीस करून ठरवली होती, धनी बदलण्याची मुभा त्याला होती, शहरे विकून तो मोठा झाला होता. पळसगावच्या नाईकाजवळ यातले काय होते? कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील घरांना एका भातपिकावर वर्ष काढता येत नसे. खाचरे लहान, वाटण्या फार, पाऊस संपला की काम संपले. घरातला एक मुलगा मुंबईच्या गिरणीत आणि एक पलटणीत, ही कोकणातील कितीतरी घरांची व्यवस्था होती आणि गाव मनीऑर्डरीवर चाले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात. भरती कोकणी आणि देशी मराठ्यांची. या नोकरीत अटी ठरवणारा पक्ष एकच होता. पगार घेऊन लढले हे खरे. पण ब्राच्चो आणि यशवंत या दोघांना एकच विशेषण लावले तर ते विशेषण निकामी होते, एवढे तरी माझ्या स्नेह्यांना सांगायला हवे होते. त्या दिवशी सुचले नाही.

आणि पलटणीलाही स्वतःची एक स्मृती असते. यशवंतराव होते ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. पहिल्या महायुद्धात तिचा क्रमांक एकशे दहावा होता आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमार सोसून १९१६ च्या एप्रिलमध्ये ती तुर्कांची कैदी झाली. दुसऱ्या महायुद्धात तिची पहिली मोठी लढाई एरिट्रियातील केरेनची, १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमधली. उघडे डोंगर, माथ्यावर शत्रू, पाणी पाठीवरून न्यायचे. ‘फ्लॅट टॉप’ नावाची टेकडी या बटालियनने घेतली. ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही रेजिमेंटची रणगर्जना याच मोहिमेत रूढ झाली असे रेजिमेंटच्या परंपरेत मानतात. इथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की केरेनच्या त्या माथ्यांवर समोर होते ते इटालियन. तीन वर्षांनी तीच पलटण इटलीच्या गावांत शिरत होती आणि लोक खिडक्या उघडून त्यांचे स्वागत करीत होते. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, जर्मनांनी देशाचा ताबा घेतला आणि कालचा शत्रू आजचा यजमान झाला. ब्राच्चोला यात नवल वाटले नसते.

वरच्या तिबेर खोऱ्यातला १९४४ चा उन्हाळा इतिहासाच्या जाड ग्रंथांत एखाद्या परिच्छेदात संपतो. रोम ४ जूनला पडले, दोन दिवसांनी नॉर्मंडीत फौजा उतरल्या आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. २० जूनला पेरुजा घेतले गेले. तिथून पुढे जर्मन सैन्य पळत नव्हते. उत्तरेला फ्लॉरेन्सच्या वरच्या पर्वतरांगेत त्यांची ‘गॉथिक लाइन’ बांधून व्हायची होती आणि तिला लागणारे आठवडे ही छोटी खोरी लढवून मिळवायचे होते. म्हणून प्रत्येक डोंगरधारेवर थोडी माणसे, मशीनगनी, सुरुंग. दोन-चार दिवस अडवायचे आणि रात्रीतून मागच्या धारेवर सरकायचे. दहाव्या भारतीय डिव्हिजनच्या वाट्याला हे खोरे आले. नकाशावर रस्ता नदीकाठाने जातो, पण रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवरून नजर असते. तेव्हा आधी टेकड्या घ्याव्या लागत. डोंगर चढणारी पायदळाची माणसे आणि दारूगोळा वाहणारी खेचरे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ही लढाई समजावून सांगावी लागत नाही.

खोऱ्यातील लोकांवर तेव्हा दोन्हीकडून मार होता. उंबेर्तिदेचा तिबेरवरचा पूल उडवण्यासाठी २५ एप्रिल १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांची विमाने आली. बाँब पुलाऐवजी शेजारच्या वस्तीवर पडले आणि सत्तरच्या आसपास नागरिक मेले. ज्यांनी हे केले त्यांच्याच बाजूची फौज अडीच महिन्यांनी मुक्तिदाती म्हणून त्या गल्ल्यांतून गेली. पूर्वेला तासाभराच्या अंतरावर गुब्बिओ आहे. तिथे एका जर्मन अधिकाऱ्याच्या हत्येचा सूड म्हणून २२ जूनला चाळीस नागरिकांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. ‘चाळीस हुतात्मे’ म्हणून गाव त्यांना आजही नमन करते. उंबेर्तिदे जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोकळे झाले. उत्तरेचे चित्ता दि कास्तेल्लो २२ जुलैला. या दोन गावांमधील अंतर मोटारीने अर्ध्या तासाचे. पायदळाला दोन-अडीच आठवडे लागले. मोंतोने आणि आजूबाजूच्या टेकड्या या दोन-अडीच आठवड्यांच्या मधोमध येतात, आणि १० जुलैही.

त्या दिवशी काय झाले ते सन्मानपत्रात आहे. सरकारी इंग्रजीतला तो मजकूर मी अनेकदा वाचला आहे. मराठीत त्याचा आशय असा: कंपनीने एका मजबूत ठाण्यावर हल्ला केला. नाईक घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. बरोबर यायला कुणी उरले नाही हे कळत असूनही ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबाँब टाकून गन आणि ती चालवणारा संपवला. दुसऱ्याला टॉमीगनने टिपले. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. मग दूरच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांचा प्राण गेला.

एवढेच. हा सगळा प्रसंग किती वेळाचा असेल? मिनिटभराचा, फार तर दोन. एका माणसाच्या बावीस वर्षांपैकी तेवढीच दोन मिनिटे कागदावर आली आणि तीही वरिष्ठांच्या भाषेत. आपल्याकडे पोवाड्यांत आणि शालेय धड्यांत हा प्रसंग आला की ‘शत्रूला कंठस्नान घातले’ वगैरे शब्द येतात. मूळ कागद तसा सजवलेला नाही, आणि मला तोच बरा वाटतो. बंदुकीच्या दस्त्याने माणूस मारणे ही काय गोष्ट आहे ते त्या कोरड्या वाक्यातून अधिक कळते. कोणत्यातरी जर्मन किंवा ऑस्ट्रियन गावातही चार घरांत तार गेली असणार.

त्या मजकुरात आणखी एक गोष्ट मला दर वेळी अडवते. ‘सेक्शनमधला प्रत्येक जण.’ सेक्शन म्हणजे साधारण आठ-दहा माणसांची तुकडी. तीही मराठी पोरे. यशवंतराव धावले कारण ती पडली होती. त्यांची नावे सन्मानपत्रात नाहीत, कारण सन्मानपत्र एकाच माणसाचे असते. त्यांपैकी मेलेल्यांची नावे कुठेतरी दगडावर कोरलेली असणारच, पण त्या दगडासमोर उभे राहून ‘हाच तो सेक्शन’ असे बोट ठेवता येत नाही.

आणि दगडही एके ठिकाणी नाहीत. राष्ट्रकुलाच्या युद्धदफनभूमींची रचना दफनाच्या चालीवर बेतलेली: माणशी एक शिळा, खाली माणूस. हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन होई, मग शिळेखाली ठेवायचे काय? म्हणून इटलीत अरेत्सो, फोर्ली, सांग्रो अशा ठिकाणी वेगळी दहन-स्मारके केली आणि त्यांवर नुसती नावे कोरली. ज्यांच्या अंत्यविधीची जागाच नोंदली गेली नाही त्यांची नावे कॅसिनोच्या मोठ्या स्मारकावर. नाईक घाडगे तिथे आहेत. मोंते कॅसिनोच्या पायथ्याशी, मेले त्या टेकडीपासून पार दक्षिणेला, चार हजारांहून अधिक नावांच्या रांगांत, हिरवट संगमरवरावर. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या माणसाची राखही कुठे विसावली ते ठाऊक नसावे, ही बाब पुतळ्यासमोरच्या भाषणांत सहसा सांगत नाहीत. पदक पत्नीने स्वीकारले.

आकडे द्यायचे तर इटलीच्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक होते; ५,७८२ मेले. इटलीत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सेनेतल्या सैनिकांचे, आणि त्या सहांपैकी दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यात संगमनेरजवळच्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना सुरुंगांतून आणि गोळ्यांतून एकेक करून पलीकडे आणले, मग परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली. ते जगले. १९८४ मध्ये पुण्यात वारले. पुण्याच्या वर्तमानपत्रांतून, सभांतून, दिवाळी अंकांतून आपण त्या चाळीस वर्षांत किती जणांच्या आठवणी टिपून घेतल्या! एका मराठी शिपायाला इटलीतली नदी कशी दिसली, थंडी कशी होती, कुणी काय खायला दिले, हे विचारायला आपल्यापैकी किती जण गेले असतील? इंग्रज आणि अमेरिकन सैनिकांच्या इटलीवरच्या आठवणींनी कपाटे भरली आहेत. मराठीत त्या मोहिमेचा आतला आवाज जवळजवळ नाही. पलटणीत लिहिता येणारे होते, गावी पत्रे येत होती. पत्रे चुलीत गेली, नाहीतर पावसात.

दुपारी सूर्यघड्याळापाशी गेलो. कोवळ्या वयाच्या दोन मुली सायकली टेकवून तिथे आइसक्रीम खात होत्या. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा आशयाचे लॅटिन ब्रीद या स्मारकाला दिले आहे. प्रथम वाचले तेव्हा मला ते जरा गुळमुळीत वाटले होते. स्मारकांवर अशीच वाक्ये असतात, कुणालाच न दुखावणारी. पण उन्हात उभे राहून सावलीकडे पाहिले तेव्हा वाक्य बाजूला राहिले आणि घड्याळच बघत बसलो. माझ्या मनगटावर सव्वा वाजून गेला होता आणि सावली मध्यान्ह दाखवीत होती. उन्हाळ्यात इटली घड्याळे तासभर पुढे करते, त्यात हे गाव कालक्षेत्राच्या मध्यरेषेच्या पश्चिमेला. म्हणून सव्वा तासाचा फरक. घड्याळे माणसांनी ठरवलेली वेळ सांगतात, सूर्यघड्याळ त्या टेकडीची स्वतःची वेळ सांगते. १० जुलै १९४४ च्या दुपारीही इथे याच कोनातून ऊन पडत असणार.

वेशीबाहेर उभे राहिले की खोऱ्याचा मोठा भाग दिसतो. नेमकी कोणती धार, कोणता उतार, ते मला सांगता येणार नाही. ओकची दाट झाडी आहे, मधूनच पिवळी सूर्यफुले, रातकिड्यासारखा कर्कश आवाज करणारे कीटक. एका टेकडीवर ट्रॅक्टर चालला होता आणि त्याच्यामागे धूळ उडत होती.

पेरुजाकडे परतताना मी वहीत रेखांशांचे गणित मांडले. माणगाव आणि मोंतोने यांत एकसष्ट अंशांचे अंतर, म्हणजे सूर्याच्या चालीने चार तास आणि वर चार मिनिटे. तहसील कचेरीपाशी पुतळ्याची सावली पायाशी गोळा झाली की तेवढ्याच वेळाने इथल्या घड्याळात मध्यान्ह होते.